कोंगूरचं वजन

ओमोर घोड्यावरून उतरला तो तंबूकडं आलाच नाही. आधी वासरांकडं गेला. लगाम खांद्यावर टाकून त्यानं एकेका वासराच्या पाठीच्या कण्यावरून हात ओढला, बरगड्यांत बोटं रोवली, शेपटीच्या बुडाशी चिमटा घेऊन मांस चाचपलं आणि तोंडानं नुसतं "हं" केलं. केन्जेकुल दाव्याचा पीळ मुठीत धरून उभी होती.

गाई ओमोरच्या होत्या. तीन गाई आणि त्यांची तीन वासरं. बर्फ उतरल्यावर त्यानंच त्या केन्जेकुलच्या दारात आणून बांधल्या होत्या. आपल्या डोंगरात ही रीत आजोबा-पणजोबांपासूनची आहे. धनवान भाऊबंदानं गरिबाच्या दारी दुभती गाय सोडायची, गरिबानं ती राखायची, दूध पोराबाळांच्या तोंडी घालायचं आणि शरदात गाय-वासरू धडधाकट परत करायचं. सान म्हणतात याला. आता ओमोरला दुधाचं सोयरसुतक नव्हतं. त्याचा धंदा मांसाच्या गोऱ्ह्यांचा. शरदात वासरं त्याच्या गोठ्यात जायची, हिवाळाभर जवाच्या भरड्यावर अंग धरायची आणि मग शहराच्या बाजारात. पण वासराचं हाड भरतं ते आईच्या दुधावर. म्हणजे केन्जेकुलच्या बादलीत पडलेली धार वासराच्या अंगावरूनच उतरलेली असायची. हे तोही जाणून होता आणि तीही.

"अपा," ओमोरनं तंबूच्या तोंडाशी बसलेल्या म्हातारीला हाक मारली. उमसुनाय म्हणजे केन्जेकुलची सासू, नात्यानं ओमोरची चुलती. "यंदा शरदात मी काटा आणतोय. कोल्खोझचा, त्या सामुदायिक शेतीचा, जुना काटा धूळ खात पडला होता, तो दुरुस्त करून घेतला."

"काटा कशाला रे? तुझ्या हाताला काय झालं? तुझा बाप नुसत्या नजरेनं सांगायचा."

"म्हणून तर माझ्या बापाला सगळ्या भावकीनं लुटलं. तीन घरी माझ्या गाई आहेत. ज्याची वासरं काट्यावर भारी भरतील, त्याच्या दारी गाई हिवाळाभर राहतील. बाकीच्यांच्या मी खाली नेणार."

म्हातारी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "वा रे न्याय! आम्हाला दिलीस ती कारा गाय म्हातारी, तिचे दात झिजले. दुसरी पहिलटकरीण, तिच्या कासेत मूठभर दूध नाही. तिसरीचं वासरू सगळ्यांत उशिरा जन्मलेलं, तेही कालवड. आणि तिकडं शेजारच्या कुरणातल्या बुर्माच्या गोऱ्ह्यांचा बाप पांढऱ्या तोंडाचा, जातिवंत. एका मापानं कसं मोजशील सगळ्यांना?"

"काट्याला म्हातारी-तरणी कळत नाही, अपा," ओमोर हसला. "एवढं खरं की बादली हलकी झाली की वासरू जड होतं. तुमच्या सुनेला सांगा."

सून, केलिन, तिथंच तर उभी होती. पण थोरल्या दिराचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, त्याच्यापुढं मान वर करायची नाही, उलट बोलणं तर लांबच. केन्जेकुलनं कमरेत वाकून मान तुकवली. ओमोर घोड्यावर चढला आणि चहा न पिताच गेला.

गाई हिवाळाभर इथंच ठेवल्या असत्या तर काय गेलं असतं त्याचं! पण केन्जेकुलचं काय जाणार होतं ते तंबूत लोकरीच्या नमद्यावर बसलं होतं. बेगायिम, तिची पोर. दोन वर्षं उलटून गेली तरी पायावर उभी राहत नव्हती. गेला हिवाळा घरात काळा चहा आणि पाव, याखेरीज काही नव्हतं. पोरीच्या पायांची हाडं बाहेरच्या बाजूला वाकली. गावची नर्स म्हणाली, हिला ऊन आणि दूध द्या, दुसरं औषध माझ्याकडं नाही. जायलूवर, वरच्या कुरणात आल्यावर दोन्ही मिळालं, आणि परवाच पोर तंबूची काठी धरून उभी राहिली. उभी राहिली आणि स्वतःच दचकून रडली. केन्जेकुल तेव्हा इतकी हसली की तिच्या डोळ्यांना पाणी आलं. हिवाळाभर गाई दारात राहिल्या तर पोर चालेल. नाही राहिल्या तर पुन्हा बसेल, आणि मग कायमची.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती धारेला बसली. आधी वासरू सोडायचं, त्यानं ढुशी देऊन पान्हा आणायचा, मग त्याला ओढून खुंटीला बांधायचं आणि धार काढायची, शेवटचं थोडं पुन्हा त्याला ठेवायचं. केन्जेकुलनं कोंगूरला सोडलं. काराचं हे तपकिरी गोऱ्हं, तिन्हींत खादाड. आईची कास रिकामी करून दुसरीच्या सडाला तोंड लावणारं, आणि तेही नसेल तर केन्जेकुलची बाही चोखत बसणारं. तिनं दोन सड पिळले आणि दोन तसेच सोडून उठली. पुढच्या आठवड्यात एकच सड पिळला.

"केलिन, बादलीचा तळ दिसतोय," म्हातारी म्हणाली.

"दिसू दे, अपा."

"लेकराच्या तोंडचं काढून गोऱ्ह्याला पाजतेस? कुठली आई गं तू?"

"आत्ता पोरीला पाजलं तर उन्हाळ्यापुरतंच पुरेल. हिवाळ्यात काय पाजू, बर्फ?"

आत नमद्यावर तिचा नवरा शार्शेन पडून होता. वसंतात शिंगरू फिरवताना घोडं त्याच्या अंगावर पालथं झालं आणि खुबा गेला. पूर्वी पंचक्रोशीत घोडा शिकवायला त्यालाच बोलवायचे. आता कूस बदलायलाही बायको लागायची. तो छताकडं बघत म्हणाला, "तिचं खरं आहे, अपा. माझ्या वाटणीचं आधी बंद करा. हाड काय, आज जुळलं काय आणि उद्या जुळलं काय."

"तू गप पड," म्हातारी खेकसली. पण त्या दिवसापासून तिनंही स्वतःच्या चहात दूध घालणं सोडलं. विचारलं तर म्हणायची, पित्त होतं.

आणि आभाळ? आभाळानं तर डाव साधला होता. बर्फ गेल्यापासून थेंब नव्हता. उतारावरचं गवत घोट्याइतकं झालं आणि तिथंच वाळलं. पायाखाली करकर वाजायचं. दुपारी माश्या अशा यायच्या की वासरं चरणं सोडून एकमेकांच्या अंगाखाली डोकी खुपसून उभी राहायची. गवताविना गाईंचं दूध आटायला लागलं. म्हणजे बादलीतलं वासराला दिलं तरी वासराला पूर्वीइतकंच मिळेना. केन्जेकुल मग उजाडायच्या आत वासरं घेऊन पलीकडच्या घळीत जायला लागली. तिथं खडकाखाली झरा मुरायचा आणि ओंजळीएवढी हिरवळ होती. ऊन तापलं की परत. दुपारी एकटीच विळा घेऊन जायची आणि गुडघ्यांवर बसून दगडांच्या फटीतलं गवत कापायची. ओलं पोतं पाठीवर घेऊन चढ चढताना पाणी मणक्यावरून खाली उतरायचं. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. रात्री त्यांत मेंढीच्या शेपटीची चरबी भरायची आणि सकाळी धारेच्या वेळी त्या पुन्हा उलायच्या.

मध्येच कालवडीला हगवण लागली. तिला करपवलेला जव आणि काळा चहा पाजून केन्जेकुलनं कशीबशी उभी केली. पण एवढ्यात कालवडीनं धरलेलं अंग झडून गेलं.

दर शुक्रवारी ती वासरांच्या छातीभोवती दोरी घालून माप घ्यायची आणि गाठ मारायची. कोंगूरची गाठ पुढं सरकायची, बाकी दोघांची जागच्या जागी. एकदा बुर्मा शेजारच्या कुरणातून आली. ओमोरच्या गाई सांभाळणारी ही दुसरी बाई, तोंडानं फटकळ. कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अगं, मापं कसली घेतेस? शिंप्याकडं टाकणार आहेस का यांचे कपडे?"

"तुझ्यांची छाती किती भरते, बुर्मा एजे?" थोरलीला ताई म्हणावं तसं केन्जेकुलनं विचारलं.

"माझी दोरी पुरत नाही, बाई," बुर्मा म्हणाली आणि हसत सुटली. मग तंबूच्या तोंडाशी बसलेल्या बेगायिमकडं तिची नजर गेली आणि हसू थांबलं. "ही उभी राहत होती ना गं?"

केन्जेकुलनं दोरीला गाठ मारली. राहत होती. आता राहत नव्हती. काठी धरायची, पाय लटपटायचे, आणि मुकाट खाली बसायची. रडायचीसुद्धा नाही. त्या न रडण्यानं केन्जेकुलचं काळीज तुटायचं. वाटायचं, जावं आणि कोंगूरला त्या कासेपासून ओढून बाजूला करावं. ती जायचीही. जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, मांस चाचपायची, आणि तशीच परत यायची.

खाली उतरायचा दिवस आला. तंबू, शार्शेन, म्हातारी आणि पोर यांना ट्रक नेणार होता. केन्जेकुल गुरं घेऊन पायवाटेनं उतरणार होती. मध्ये एका मुक्कामाची वाट, आणि ती जवळजवळ सगळी कोरडी. आदल्या संध्याकाळी दोऱ्या आवळता आवळता तिनं नवऱ्याला विचारलं, "वाटेत अंग किती उतरतं हो?"

"उतरतं की. चालून चालून पोट रिकामं होतं. वासरू घरून निघतं ते आणि काट्यावर चढतं ते, यात एका मेंढीचा तरी फरक."

तिचा हात थांबला. एवढं राबून मिळवलेलं वाटेत सांडणार होतं.

शार्शेननं तिचा चेहरा पाहिला. "बाजारातले दलाल काय करतात, माहीत आहे? आदल्या रात्री मीठ चाटवतात, पाणी तोडतात, आणि काट्याच्या तोंडावर नदीवर सोडतात. पाणी म्हणजे वजनच की."

"बाधत नाही?"

"घोड्याला बाधतं. तापल्या घोड्याला पाणी दाखवणाऱ्याला माझ्या बापानं चाबकानं फोडला असता." तो किती दिवसांनी हसला. "गुराला काय बाधतंय? गुराचं पोट म्हणजे पखाल."

आपण सगळी घोड्याची माणसं. घोड्याला घाम आला की किती वेळ फिरवायचं, कधी गवत द्यायचं, कधी पाणी, हे शेंबडं पोरही सांगेल. गायीची एवढी चौकशी कुणी कधी केली?

वाटेवरच्या मुक्कामात केन्जेकुलनं मिठाचा खडा वासरांपुढं ठेवला. कोंगूर तो अधाशासारखा चाटत बसला. सकाळी झऱ्याची एक धार लागली, तिथून तिनं तिघांनाही काठी मारून पुढं हाकललं. कोंगूर मागं वळून वळून बघत होता. ऊन चढलं तशी वासरांची जीभ बाहेर आली. ती कोरड्या आवाजात हंबरायला लागली. "चला रे सोन्यांनो, आता पोचलोच," ती म्हणत होती, आणि तिचा स्वतःचा घसाही सुकून खरखरीत झाला होता. तीही प्यायली नव्हती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

गावाच्या वरच्या अंगाला नदी लागली. तिनं काठी खाली टाकली. तिन्ही वासरं पाण्यात घुसली. दोघांनी माना वर केल्या तरी कोंगूर पीतच होता. डोळे मिटून, पोटापर्यंत पाण्यात उभा राहून. त्याच्या कुशी फुगताना तिला दिसत होत्या. पी, ती मनात म्हणत होती, पी बाबा, अजून पी.

कोल्खोझच्या पडक्या आवारात माणसं जमली होती. पांढऱ्या टोप्यांचे म्हातारे भिंतीला टेकून बसले होते. काटा म्हणजे लोखंडी फळा, भोवती पाइपांचा पिंजरा. ओमोरचा जावई दांडीवरचं वजन सरकवत होता. बुर्माची वासरं झाली, तिसऱ्या घरची झाली. वेळ लांबत गेला. मग केन्जेकुलची पहिली दोन चढली, बेताचीच. बुर्मानं समाधानानं झग्याला हात पुसले.

कोंगूर शेवटी चढला. दांडी वर गेली आणि तिथंच राहिली. जावयानं वजन पुढं सरकवलं, अजून पुढं.

"बरोबर बघतोयस ना?" ओमोर पुढं आला. स्वतः वाकून पाहिलं, तिन्हींची बेरीज केली आणि सरळ झाला. "च्यायला! म्हाताऱ्या गायीचं हे? आणि अशा दुष्काळात?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शाबास, केलिन! उगाच नावं ठेवली मी तुला. गाई हिच्या दारी राहतील. शब्द म्हणजे शब्द."

केन्जेकुलनं कमरेत वाकून मान तुकवली. कुंपणाशी म्हातारी पोरीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं पोरीचा हात धरून हलवला. हिवाळा सुटला. पोर चालणार.

तेवढ्यात बुर्मा म्हणाली, "अगं, ह्याला काय होतंय?"

कोंगूर पिंजऱ्यातून बाहेर आला होता. पाय फाकून उभा राहिला आणि मुतला. गडद लाल, काळ्या चहासारखं. मग त्याची मान एका बाजूला वळली, पुढचे पाय दुमडले, आणि तो कुशीवर आडवा होऊन पाय झाडायला लागला. तोंडातून फेस आला.

"सुरी!" ओमोर ओरडला. "सुरी आणा लवकर, आपोआप मेलं तर हराम होईल!"

केन्जेकुल त्याच्या डोक्याशी बसली होती. कुणीतरी तिला खांद्याला धरून बाजूला ओढलं. ओमोरनं गुडघा मानेवर रोवला, बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी फिरवली. रक्त पातळ आलं. वासरू थंड झाल्यावर त्यानं पोट उघडलं, आणि पोटातून पाणी लोटलं. बादल्याच्या बादल्या. ते सगळ्यांच्या बुटांखालून आवाराच्या उतारानं काट्यापर्यंत वाहत गेलं.

मीठ चाटलेल्या तहानल्या वासराला एकदम ढोसलेलं पाणीच बाधलं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ओमोर हात पुसत उठला. "केलिन," तो हळू म्हणाला, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं, "यातलं वासराचं किती आणि नदीचं किती, सांगतेस?"

केन्जेकुलची मान खाली. तिच्या जागी म्हातारी पुढं आली. "मला विचार. तिला काय विचारतोस? काटा तू आणलास. तू काटा आणला नसतास तर हे झालं नसतं."

"मी काटा आणला अपा, मीठ नाही चारलं." ओमोरनं बुर्माकडं वळून सांगितलं, "ह्या दोन गाईही तुझ्याकडं ने. काराचं काय? ना दात, ना वासरू. कापावी तर हाडं, ठेवावी तर चारा जाणार. राहू दे हिच्याकडंच. जिच्या हातानं वासरू गेलं तिनंच तिला हिवाळाभर पोसावं. मांस माझं."

"कातडं दे," म्हातारी म्हणाली.

"कातडं कशाला?"

"कशाला ते तुला माहीत आहे."

ओमोरनं सुरी पुन्हा उचलली. मग खाली वाकून त्यानं स्वतःच कोंगूर सोलला. शिंगांचे कोंब, खूर, सगळं नीट राखून.

घरी आल्यापासून कारा हंबरत होती. रात्री नाही, दिवसा नाही, थांबलीच नाही. कास दगडासारखी तटतटली होती, पण धारेला बसलं की लाथ मारायची आणि पान्हा चोरायची. बादलीत रक्त मिसळलेले चार थेंब पडायचे. केन्जेकुल ते हंबरणं ऐकत अंगणात बसून राहायची. जेवायलाही उठायची नाही. शार्शेन भिंतीकडं तोंड करून पडलेला. एकदाच म्हणाला, "मीच सांगितलं तुला," आणि तीही म्हणाली नाही की नाही, तुमची चूक नाही.

कातडं वाळलं तशी म्हातारीनं ते मांडीवर घेतलं, आतून पेंढा ठासला आणि दाभणानं पोट शिवलं. चारी पाय ताठ, मान जरा वाकडी. संध्याकाळी तिनं ते काखेत मारून आणलं आणि काराच्या तोंडापुढं उभं केलं.

कारा गप्प झाली. नाक लावून हुंगलं, कानापासून शेपटीपर्यंत. मग लांब जीभ काढून चाटायला लागली. केस एका बाजूला बसले, ओले झाले, चमकायला लागले. कासेतून धार आपोआप जमिनीवर ठिबकली.

"बस," म्हातारी म्हणाली.

"अपा, माझ्यानं नाही होत."

"होतं. बस."

"मी त्याला मारलं आणि त्याच्याच कातड्यावर हिला फसवायचं? तिला कळेल."

"कळतंच आहे तिला. इतकी वासरं चाटलेली गाय ती, पेंढा आणि पोर तिला कळत नसेल? तरी सोडतेय ना पान्हा? मग तू कोण लागून गेलीस? बस खाली, पोर थांबलीय."

बेगायिम उंबऱ्यावर बसून रिकामी वाटी दोन्ही हातांनी धरून बघत होती. केन्जेकुल खाली बसली. कपाळ काराच्या कुशीला टेकवलं आणि सड धरले. धार बादलीच्या तळावर वाजली आणि मग दाट, मऊ आवाजात भरत गेली. ती रडत होती, मोठ्यानं, लाज सोडून. गायीच्या कुशीला अश्रू लागत होते, पण हात थांबले नाहीत.

मध्येच कारानं चाटणं थांबवलं आणि मान वर केली. धार बारीक झाली.

"हलव त्याला," म्हातारी दबक्या आवाजात म्हणाली. "ढुशी दे. जिवंत वाटलं पाहिजे."

केन्जेकुलनं गुडघा पुढं केला आणि पेंढ्याच्या वासराला हळूच ढकललं. ते कासेशी डुललं. कारा पुन्हा खाली वाकली, चाटायला लागली आणि पान्हा आला.

वाटी भरली. मग दुसरी भरली. केन्जेकुल गुडघ्यानं वासरू हलवत राहिली.